चौकटीतलं घर कुणाचं? आयफ्रेम, जावास्क्रिप्ट आणि एक हट्टी एरर

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाची नोंदणी सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरी काकूंचा फोन आला. "अगं, फॉर्मचं बटणच दिसत नाही म्हणतायत लोक. तू पीएचडी केलीस ना, जरा बघ."

पीएचडी प्रथिनांच्या रचनेवर केली आहे, वेबसाइटवर नाही, हे काकूंना सांगून मी थकले आहे. पण इथे इंग्लंडमध्ये छोट्या मंडळात ज्याला लॅपटॉप उघडता येतो तो इंजिनियर असतो. रात्री मुलगी झोपल्यावर मी बसले. मंडळाच्या पानावर नोंदणीचा फॉर्म होता, पण तो मंडळाचा नव्हता. एका फॉर्म बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून तो यायचा आणि आमच्या पानात एका चौकटीत दिसायचा. चौकटीची उंची कुणीतरी पूर्वी ठरवून टाकली होती आणि सुबक दिसावं म्हणून आतलं स्क्रोलिंगही बंद केलं होतं. लॅपटॉपवर सगळं ठीक दिसायचं. फोनच्या अरुंद पडद्यावर मात्र ओळी मोडायच्या, फॉर्म लांबायचा आणि खालचं 'नोंदणी करा' हे बटण चौकटीच्या काठाखाली गुडूप व्हायचं.

तात्पुरतं म्हणून स्क्रोलिंग पुन्हा चालू केलं. पण पानाच्या आत पान सरकवताना अंगठा नेमकं काय सरकवतोय तेच कळेना. म्हणून मला सरळ वाटणारा उपाय सुचला. आतल्या फॉर्मची खरी उंची जावास्क्रिप्टने मोजायची आणि चौकट तेवढी उंच करायची. चार ओळींचं काम. लिहिलं, पान ताजं केलं आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये लाल अक्षरं उमटली: "ब्लॉक्ड अ फ्रेम विथ ओरिजिन… फ्रॉम ॲक्सेसिंग अ क्रॉस-ओरिजिन फ्रेम."

तुमच्यापैकी ज्यांनी कधी हौसेनं किंवा पोटासाठी वेबपान बनवलं असेल, त्यांना ही ओळ भेटलेली असणार. फायरफॉक्स वापरत असाल तर शब्द वेगळे असतात: "परमिशन डिनाइड टू ॲक्सेस प्रॉपर्टी…" मतितार्थ एकच. 'हे तुझं नाही, हात लावू नकोस.' माझी पहिली प्रतिक्रिया चिडीची होती. पान माझं, चौकट मी लावली, मग आत काय आहे ते मलाच का बघू देत नाहीस? त्या रात्री हा प्रश्न सोडवताना जे कळलं ते आज सांगते. ते नुसतं प्रोग्रॅमिंगबद्दल नाही. साताऱ्याला बसून नेटबँकिंग करणाऱ्या माझ्या बाबांबद्दलही आहे.

चौकट म्हणजे नेमकं काय?

वेबपानात दुसरं आख्खं वेबपान बसवण्याची सोय म्हणजे आयफ्रेम. यूट्यूबचा व्हिडिओ, गूगलचा नकाशा, पैसे भरण्याची खिडकी, जाहिराती, यातलं बरंच काही दुसऱ्याच्या पानावर आयफ्रेममधून येतं. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. आयफ्रेममध्ये दिसतो तो त्या पानाचा फोटो किंवा झेरॉक्स नव्हे. ते जिवंत पान असतं. त्याला स्वतःचा पत्ता असतो, स्वतःच्या कुकीज असतात, स्वतःची जावास्क्रिप्ट चालत असते. ब्राउझरच्या दृष्टीने ती एक पूर्ण खिडकीच असते, फक्त आपल्या खिडकीच्या पोटात बसवलेली.

याची सुरुवात मागे जाते ती नेटस्केप नॅव्हिगेटर २ या ब्राउझरपर्यंत. मे १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्टचं पहिलं रूप उभं केलं, ही कथा अनेकांना ठाऊक असेल. ती भाषा ज्या नेटस्केप २ मधून जगापुढे आली, त्याच आवृत्तीने पान अनेक चौकटींत विभागण्याची सोयही आणली. म्हणजे वेगवेगळ्या घरची पानं एका छताखाली आणणं आणि पानाचा मजकूर वाचू शकणारी भाषा, या दोन्ही गोष्टी एकदमच जन्मल्या. त्यातून होणारा घोटाळा निर्मात्यांच्या लगेच लक्षात आला. त्यावरचा बंदोबस्तही त्याच नेटस्केप २ च्या मालिकेत आला. त्याचं नाव सेम-ओरिजिन पॉलिसी. मराठीत 'समान उगमाचा नियम' म्हणूया. पुढे डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४ मध्ये आयफ्रेमला अधिकृत जागा मिळाली. 'ओरिजिन म्हणजे काय' हे नीट लिहून काढणारा ॲडम बार्थ यांचा दस्तऐवज, आरएफसी ६४५४, मात्र डिसेंबर २०११ मध्ये आला. तोवर ब्राउझर हा नियम बऱ्याच अंशी परंपरेनं पाळत होते.

उगम ठरतो तीन गोष्टींवरून

नियम सांगायला सोपा आहे. एका पानाची स्क्रिप्ट दुसऱ्या पानाच्या आत डोकावू शकते, पण दोघांचा उगम एकच असेल तरच. आणि उगम ठरतो तीन गोष्टींवरून: पत्त्याच्या सुरुवातीची योजना, म्हणजे एचटीटीपी की एचटीटीपीएस, होस्टचं संपूर्ण नाव, आणि पोर्टचा क्रमांक. तिन्ही तंतोतंत जुळले पाहिजेत.

समजा आपलं पान 'एचटीटीपीएस://मंडळ.उदा/गणपती' या काल्पनिक पत्त्यावर आहे. आता पुढचे पत्ते पाहा.

• एचटीटीपीएस://मंडळ.उदा/दिवाळी/फराळ : उगम तोच. तिरप्या रेघेनंतर काय येतं याला इथे महत्त्व नाही.
• एचटीटीपी://मंडळ.उदा/गणपती : उगम वेगळा. शेवटचा 'एस' नाही.
• एचटीटीपीएस://डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.मंडळ.उदा/गणपती : उगम वेगळा. आपल्याला ही एकच साइट वाटते, ब्राउझरला नाही.
• एचटीटीपीएस://मंडळ.उदा:८४४३/गणपती : उगम वेगळा. पोर्ट बदललं.
• एचटीटीपीएस://मंडळ.उदा:४४३/गणपती : उगम तोच. एचटीटीपीएसचं ठरलेलं पोर्ट ४४३ असतंच, लिहिलं काय अन् न लिहिलं काय.

'दोन्ही पानं माझीच आहेत, तरी एरर का?' असं विचारणाऱ्यांपैकी अनेकांचं उत्तर या यादीत सापडतं. बाहेरचं पान डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून उघडलेलं असतं आणि आतल्या चौकटीचा पत्ता त्याविना लिहिलेला असतो. मालक एकच आहे हे ब्राउझरला कळायला मार्ग नाही. तो फक्त पत्ता वाचतो.

लॅपटॉपवर फाइल दुहेरी क्लिक करून उघडली की होणारी फजितीही याच जातीची. त्या वेळी पत्ता 'फाइल' या योजनेचा असतो. अशा प्रत्येक फाइलला आजचे प्रमुख ब्राउझर वेगळ्या, कुणाशीच न जुळणाऱ्या उगमाची मानतात. म्हणून एकाच फोल्डरमधल्या दोन फाइलीसुद्धा एकमेकींना परक्या. उपाय सोपा: सराव करायचा असेल तर आपल्याच संगणकावर छोटा सर्व्हर चालवा आणि पानं त्याच्यामार्फत उघडा.

पण हा हट्ट कशासाठी?

आता बाबांकडे वळू. ते निवृत्त शिक्षक आहेत. सकाळी चहा झाला की ते लॅपटॉप उघडतात. एका टॅबमध्ये बँक, पेन्शन जमा झाली का ते बघायला. दुसऱ्या टॅबमध्ये पेपर, तिसऱ्यात कुणीतरी व्हॉट्सॲपवर धाडलेली आरोग्यविषयक लिंक. बँकेतून लॉगआउट करायचं राहून जातं, कारण मधेच कुकर शिट्ट्या देतो.

समजा त्या आरोग्यवाल्या पानात एक टिकलीएवढी, न दिसणारी आयफ्रेम आहे आणि तिचा पत्ता बाबांच्या बँकेचा आहे. बाबा बँकेत लॉगिन झालेले आहेत याची खूण म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेली कुकी. जुन्या पद्धतीप्रमाणे ब्राउझर बँकेकडे जाणाऱ्या प्रत्येक विनंतीसोबत ती कुकी आपसूक पाठवतो. विनंती कुठल्या पानातून निघाली हे तो बघत नाही. म्हणजे त्या टिकलीएवढ्या चौकटीत बाबांच्या खात्याचं खरंखुरं पान उघडेल. शिल्लक, व्यवहार, नाव, सगळं.

इथवर चोराच्या हाती काही लागलेलं नाही. पान बाबांच्याच संगणकावर आहे. त्याला हवी आहे ती शेवटची एक पायरी: बाहेरच्या पानाच्या स्क्रिप्टने चौकटीत हात घालून मजकूर वाचायचा आणि स्वतःच्या सर्व्हरला पाठवायचा. ती पायरी म्हणजे अक्षरशः मी फॉर्मची उंची मोजायला लिहिलेली ओळ. मी विचारत होते 'आतल्या पानाची उंची किती?', तो विचारेल 'आतल्या पानाचा मजकूर काय?'. दोन्हीसाठी दार एकच. ते दार माझ्यासाठी उघडलं असतं तर त्याच्यासाठीही उघडलं असतं, कारण माझा हेतू चांगला आहे हे जावास्क्रिप्टच्या ओळीवर कुठे लिहिलेलं नसतं.

हे वाचून घाबरू नका. आज या भिंतीच्या जोडीला इतरही कुंपणं आहेत. दुसऱ्याच्या पानातून जाणाऱ्या विनंतीसोबत कुकी पाठवायची की नाही हे साइटला ठरवता येतं. 'मला कुणाच्याही चौकटीत बसवू नका' असंही साइट ब्राउझरला सांगू शकते. पण ही सगळी नंतरची कुंपणं. मुख्य भिंत समान उगमाच्या नियमाचीच.

वाड्याचा मालक आणि भाडेकरू

कुणाला काय करता येतं हे लक्षात ठेवायला मी जुन्या वाड्याचं उदाहरण घेते. तुमचं पान म्हणजे वाडा. आयफ्रेम म्हणजे त्यातली भाड्यानं दिलेली खोली. खोली कुठे असावी, किती मोठी असावी, तिला बाहेरून कुठला रंग द्यावा हे मालक ठरवतो. म्हणून आयफ्रेमची लांबी-रुंदी, जागा, कडा बाहेरच्या पानाच्या हातात असतात. मालक भाडेकरूला काढून नवा आणू शकतो. म्हणून चौकटीला नवा पत्ता देता येतो. पण भाडेकरूची ट्रंक मालकाला उघडता येत नाही. एवढंच काय, खोलीत सध्या कुठलं पान आहे, म्हणजे आतल्या माणसाने मधेच दुसरी लिंक उघडली का, हेही त्याला वाचता येत नाही. पत्ता देता येतो, परत विचारता येत नाही. आणि दाराखालून चिठ्ठी सरकवता येते. या चिठ्ठीकडे आपण पुढे येऊ.

भाडेकरूलाही हाच नियम लागू. आतलं पान बाहेरच्या पानाचा मजकूर वाचू शकत नाही. म्हणूनच तुम्ही बिनधास्त परक्याचा व्हिडिओ आपल्या पानात बसवू शकता.

आता खरी गंमत. दुसऱ्याची वस्तू आपल्या पानात आणायचा आणखी एक मार्ग आहे: त्याची स्क्रिप्ट थेट आपल्या पानात जोडणं. पुष्कळांना वाटतं, स्क्रिप्ट ज्या सर्व्हरवरून आली तो तिचा उगम. तसं नाही. स्क्रिप्ट ज्या पानात चालते त्या पानाचा उगम तिला मिळतो. म्हणजे आयफ्रेममधला परका हा भाडेकरू, तर जोडलेली परकी स्क्रिप्ट हा घरजावई. जन्म कुठलाही असो, आता आख्ख्या घरात वावर, स्वयंपाकघरापासून कपाटाच्या किल्लीपर्यंत. हा फरक पुढे माझ्या अंगाशी येणार होता.

सारखीच दिसणारी, पण वेगळी दुखणी

चौकटीत डोकावताना येणारा प्रत्येक एरर उगमाचाच असतो असं नाही. रोगी एकाच जागी दुखतंय म्हणाले तरी डॉक्टर वेगवेगळी कारणं तपासतात, तसं इथेही करावं लागतं.

पहिलं कारण घाईचं. आयफ्रेम पानात येते त्या क्षणी तिच्या आत एक कोरं पान असतं आणि त्या कोऱ्या पानाला बाहेरच्या पानाचाच उगम मिळतो. खरं पान नेटवरून यायला वेळ लागतो. स्क्रिप्ट त्याआधी धावली तर परवानगीची तक्रार येत नाही, पण हाती कोरा कागद लागतो. मग एखादा घटक शोधायला जावं तर 'नल' मिळतं आणि 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल' असा एरर येतो. यामुळेच कधी चालतं, कधी चालत नाही असा चकवा लागतो. स्वतःच्याच उगमाच्या पानासाठी उपाय असा, की आयफ्रेमची 'लोड' ही घटना घडेपर्यंत थांबा आणि मगच आत बघा. परक्या पानासाठी कितीही थांबलात तरी भिंत तशीच राहते.

दुसरं कारण, पान आत आलंच नाही. एक्स-फ्रेम-ऑप्शन्स नावाचा हेडर किंवा कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीतलं फ्रेम-ॲन्सेस्टर्स हे कलम वापरून साइट चौकटीत बसायला नकार देऊ शकते. पहिला उपाय मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ८ बरोबर आणला. निमित्त होतं क्लिकजॅकिंग. आदल्याच वर्षी रॉबर्ट हॅन्सन आणि जेरेमाया ग्रॉसमन यांनी हे नाव दिलेला हा हल्ला असा: अदृश्य चौकटीत खरं पान ठेवायचं आणि त्याच्या बटणावर माणसाला नकळत क्लिक करायला लावायचं. यात मजकूर वाचायची गरजच नसते, त्यामुळे समान उगमाचा नियम एकटा पुरत नाही. अशा नकारानंतर ब्राउझर चौकटीत स्वतःचं एररचं पान दाखवतो. ते पानही तुमच्या उगमाचं नसतं, म्हणून तुमच्या स्क्रिप्टला पुन्हा तोच लाल एरर. माणूस उगमाशी झगडत बसतो आणि मूळ कारण कन्सोलमध्ये दोन ओळी वर लिहिलेलं असतं. म्हणून एरर नेहमी वरून खाली वाचावेत.

तिसरं कारण सँडबॉक्सचं. आयफ्रेमला 'सँडबॉक्स' हा गुणधर्म लावला की आतल्या पानाला मुद्दाम एक निनावी उगम दिला जातो. पत्ता जुळत असूनही मग ते परकं ठरतं. 'अलाउ-सेम-ओरिजिन' लिहिलं की त्याचा खरा उगम परत मिळतो. पण आतलं पान तुमच्याच उगमाचं असेल आणि त्याला याच्याबरोबर स्क्रिप्ट चालवायचीही परवानगी दिलीत, तर ते पान बाहेर हात घालून सँडबॉक्सच काढून टाकू शकतं. कुलूप लावून किल्ली कैद्याच्याच खिशात ठेवल्यासारखं.

तीन आडवाटा

नेटवर शोधलं की तीन सल्ले हमखास मिळतात.

पहिला, 'सर्व्हरवर सीओआरएसचे हेडर लावा.' सीओआरएसमुळे परक्या सर्व्हरकडून माहिती मागवून ती वाचण्याची परवानगी मिळू शकते, पण तो मामला स्क्रिप्टने केलेल्या विनंत्यांचा. आयफ्रेममध्ये उघडलेल्या पानाचं दार त्याने उघडत नाही. यात मी दीड तास घालवला.

दुसरा, 'पान आपल्या सर्व्हरने आणून आपल्याच पत्त्यावरून वाढा.' तांत्रिकदृष्ट्या हे चालतं, कारण उगम आपला होतो. पण मग परक्याची प्रत्येक स्क्रिप्टही आपल्या उगमाने चालते. भाडेकरूचा घरजावई होतो. वर त्या कंपनीची परवानगी आहे का, हा प्रश्न वेगळाच.

तिसरा सल्ला सगळ्यात धोक्याचा: 'ब्राउझर सुरू करताना वेब सिक्युरिटी बंद करा.' क्रोममध्ये तशी सोय आहे, विकसकांच्या चाचणीसाठी. त्याने माझ्या लॅपटॉपवर एरर गेला असता, पण फॉर्म भरणाऱ्या कुणाच्याही फोनवर काही फरक पडला नसता. आणि त्याच ब्राउझरमध्ये मी नंतर माझी बँक उघडली असती तर? भिंत पाडून त्याच घरात दागिने ठेवायचे.

पूर्वी 'डॉक्युमेंट.डोमेन' नावाची एक पळवाट होती. एकाच मुख्य नावाखालची दोन उपनावं तिच्या मदतीने आपापसांत नातं जोडू शकत. तिच्यामुळे सुरक्षेला भोकं पडतात हे लक्षात आल्यावर ती मोडीत काढायचं ठरलं. क्रोमने ती आता आपसूक बंदच ठेवली आहे. जुन्या पुस्तकात दिसली तर नव्या कामात वापरू नका.

दाराखालची चिठ्ठी

सरळ मार्ग म्हणजे पोस्टमेसेज. दोन परकी पानं एकमेकांच्या घरात शिरत नाहीत, पण निरोप पाठवू शकतात. आतलं पान स्वतःची उंची स्वतः मोजतं, ते त्याचं घर आहे. मग बाहेर चिठ्ठी सरकवतं: 'माझी उंची १४६० पिक्सेल'. बाहेरचं पान चिठ्ठी वाचतं आणि चौकट तेवढी करतं. कुणी कुणाची ट्रंक उघडली नाही आणि काम झालं. अट एकच, दोन्ही बाजूंची तयारी हवी. नशिबाने आमच्या फॉर्मवाल्या कंपनीचं पान अशी चिठ्ठी पाठवतच होतं, आमच्या बाजूला ती वाचणारं कुणी नव्हतं. मदतीच्या पानावर तसं लिहिलेलं होतं. मी ते शेवटी वाचलं, जे सुरुवातीला वाचायला हवं होतं.

चिठ्ठी वाचणारी स्क्रिप्ट लिहिली, फोनवर पाहिलं, बटण दिसलं. रात्रीचा एक वाजला होता. खुशीत प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याला ओळी पाठवल्या. सकाळी त्याचं एका ओळीचं उत्तर होतं: "चिठ्ठी कुणाची हे कुठे तपासलंस?"

तपासलंच नव्हतं. चिठ्ठी कोणतीही चौकट किंवा आपल्याला उघडणारी खिडकी पाठवू शकते. मी आलेला निरोप डोळे मिटून खरा मानत होते. वर फॉर्मकडून येणारा 'धन्यवाद' हा मजकूर जसाच्या तसा एचटीएमएल म्हणून पानात टाकत होते. म्हणजे कुणीही चिठ्ठीत स्क्रिप्ट लपवून पाठवली असती तर ती मंडळाच्या पानात, मंडळाच्या नावाने चालली असती. भिंत ब्राउझरने बांधली होती, तिला खिंडार मी पाडलं होतं.

म्हणून चिठ्ठीचे नियम लिहून ठेवते.

१. निरोप आला की पाठवणाऱ्याचा उगम तपासा, आणि पूर्ण तपासा. 'नावात फॉर्म.उदा आहे ना' एवढं पाहणं पुरत नाही, कारण 'फॉर्म.उदा.चोर.उदा' यातही ते आहे.
२. निरोप आपल्या अपेक्षेतल्या चौकटीकडूनच आला का, हेही पाहा.
३. आतला ऐवज तपासा. उंची हवी असेल तर तो आकडाच आहे ना, आणि वाजवी आहे ना? मजकूर असेल तर तो मजकूर म्हणूनच दाखवा, एचटीएमएल म्हणून नाही.
४. आपण निरोप पाठवताना तो कुणासाठी आहे तो उगम लिहा. तिथे 'कुणीही' या अर्थाची चांदणी टाकली आणि आतलं पान मधेच बदललेलं असलं, तर खासगी निरोप भलत्याच्याच हाती पडतो.

भिंत कुणाचं रक्षण करत होती

स्क्रिप्ट दुरुस्त करताना मी मंडळाच्या पानाचा बाकीचा मसालाही नीट वाचला. त्यात तळाशी एक ओळ होती: भेट देणाऱ्यांची संख्या मोजणारा काउंटर. कुणीतरी दहाएक वर्षांपूर्वी बसवलेला. ती स्क्रिप्ट बाहेरच्या कुठल्याशा सर्व्हरवरून येत होती. तो सर्व्हर आज कोणाच्या हाती आहे हे समितीत कुणालाच सांगता येईना. घरजावई, आणि तोही नाव-गाव माहीत नसलेला.

आता फॉर्मकडे बघा. त्यात काय भरायचं होतं? कुटुंबातल्या सगळ्यांची नावं, मुलांची वयं, घरचा पत्ता, अडचणीच्या वेळी कुणाला फोन करायचा, आणि महाप्रसादासाठी कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. मी रात्रभर ज्या भिंतीवर डोकं आपटत होते, ती नसती किंवा फॉर्म मी 'सोयीसाठी' आमच्याच पत्त्यावर आणला असता, तर त्या अनोळखी काउंटरला हे सगळं अक्षर न् अक्षर वाचता आलं असतं. त्याने ते वाचलं असतंच असं नाही. पण वाचू शकला असता का, याचं उत्तर 'हो' होतं. माझ्या मुलीचं नावही त्या यादीत होतं. काउंटर त्याच दिवशी काढला. काकूंना जरा वाईट वाटलं. आकडा चांगला वाढला होता म्हणे.

ही भिंत आपल्याला दिसते त्याहून खोल गेलेली आहे. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर हा दोष जाहीर झाला. प्रोसेसर वेग वाढवण्यासाठी पुढच्या कामाचा अंदाज बांधून ते आधीच करून बघतात, आणि त्याच्या खुणांवरून मेमरीतला मजकूर ताडता येतो, असं संशोधकांनी दाखवलं. जावास्क्रिप्टनेही हे शक्य होतं. म्हणजे नियमाने दार बंद असलं तरी एकाच प्रोसेसच्या मेमरीत राहणारी दोन पानं भिंतीला कान लावू शकत होती. यावर उत्तर म्हणून क्रोमने २०१८ मध्येच डेस्कटॉपवर वेगवेगळ्या साइटची पानं, अगदी एकाच टॅबमधल्या आयफ्रेमसुद्धा, वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवायला सुरुवात केली. फायरफॉक्सनेही पुढे तोच मार्ग धरला. यासाठी मेमरी जास्त लागते. ब्राउझर मेमरी खातो म्हणून आपण कुरकुरतो, त्यातला काही भाग या भिंतींच्या विटांचा असतो.

तर पुढच्या वेळी तो लाल एरर दिसला की क्रमाने विचारा: चौकटीत पान खरंच आलं आहे का? ते येईपर्यंत मी थांबले का? दोघांची योजना, होस्ट आणि पोर्ट तंतोतंत जुळतात का? सँडबॉक्स लावला आहे का? आणि पान खरंच परकं असेल, तर भिंत चढायचा नाद सोडून चिठ्ठीची सोय आहे का ते बघा.

रविवारी बाबांशी व्हिडिओ कॉलवर बोलताना हे सगळं त्यांना सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मी बँकेतून लॉगआउट नाही केलं तरी चालतं?"

नाही बाबा. भिंत भक्कम आहे म्हणून दाराला कडी लावायची नाही, असं नसतं. त्यांनी मान हलवली, आणि माझ्यासमोरच लॉगआउट केलं.